आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात खांदेमळण असते. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या शेतकऱ्यांच्या गावात त्या सायंकाळी, वर्षभर जू वाहून शिणलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद व तूप चोळतात. मग घरधनी नम्रपणे त्यांना म्हणतो, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावास्येला, घरोघर पुरणपोळ्या होतात, परंतु त्यांचा पहिला मान बैलाचा असतो, घरच्या माणसांचा नव्हे. सणाच्या जेवणाचे मर्म या एका चालीत साठवलेले आहे.

अशाच गावांतील मुले शिकतात, मोठी होतात आणि उदरनिर्वाहासाठी परदेशी जातात. तेथेही श्रावण अमावास्या येते. सुट्टी मात्र येत नाही. हरभऱ्याची डाळ आणि गूळ शोधल्यास मिळतात, पण गोठा नसतो, बैल नसतात आणि पुरण वाटताना हात लावायला आजीही नसते. मग परमुलखात हा सण करावा की करू नये? कित्येकांना वाटते, मातीशी संबंध सुटल्यावर सण ही केवळ नक्कल होय. दुसरे कित्येक म्हणतात, करावयाचा तर यथासांग करावा, नाही तर न केलेलाच बरा. विचार केला असता ही दोन्ही मते टिकत नाहीत.

ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, अशी कुटुंबे आपल्या गावातही मातीचे बैल पुजतात. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मोठ्या ऐटीने घरोघर नेतात. त्याला कोणी खोटा सण म्हणत नाही. मग दूरदेशी राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने अमावास्येऐवजी येणाऱ्या रविवारी पुरण शिजवले, किंवा मुलांनी मातीचा बैल करून मेजावर ठेवला, तर सणाचे काय उणे झाले?

इतिहासही हेच सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल हा यहुदी समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचा धर्म यहुदी, पण बोली मराठी. शुभकार्याच्या वेळी ते ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून ते एलियाहू प्रेषिताचे स्मरण करतात आणि मग तो प्रसाद सर्वांना वाटतात. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांच्यापैकी पुष्कळजण तिकडे गेले. आपल्या पूर्वजांची म्हणून मानलेल्या भूमीत पोचल्यावरही कोकणचे पोहे त्यांच्या ताटातून गेले नाहीत. देश बदलला, वाटून खाण्याची रीत राहिली.

मॉरिशसची कथाही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी त्या बेटावर गेले. कष्ट अपार होते आणि परतीची वाट लांब होती. आज त्यांच्या वंशजांच्या रोजच्या बोलण्यात क्रिओल भाषा आहे. तरीही गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मराठी घरांत मोदक होतात. जिभेवरचे शब्द मागे पडले, तरी सणाचा घास मागे पडला नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. सारे पदार्थ यथासांग झाले, पण दार लावून चार माणसांनीच ते खाल्ले, तर पोट भरेल. सण होणार नाही. उलट पोळी जाड झाली, पुरण थोडे सैल राहिले, परंतु शेजारच्या एकट्या वृद्धेला किंवा घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला बोलावणे गेले, तर तेथे पोळा खचित साजरा झाला. लंडनमध्ये १९३२ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. परक्या शहरात एकत्र येण्याची ही गरज नवी नाही. पण आपल्याच माणसांपाशी आवतण थांबता कामा नये. बैलाला जेवायला बोलावणारी रीत दारातल्या परक्या माणसाला कशी विसरेल?

हा प्रश्न परदेशाचाच आहे, असेही नाही. गावोगावी आता ट्रॅक्टर आले आणि बैलजोड्या कमी झाल्या. ज्या घरातील मुले दूर गेली, त्या घरी पोळ्याच्या दिवशी दोन वृद्ध माणसे समोरासमोर जेवायला बसतात. मुलाचा चेहरा दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो. परंतु पडद्यातून घास भरवता येत नाही. अशा वेळी शेजारचे एखादे मूल आजी-आजोबांना बोलवायला धावत गेले, तर दूर गेलेल्या मुलाची उणीव पूर्ण भरून निघणार नाही, हे खरे. तरी त्या घरचा सण सुना जाणार नाही.

पदार्थ दुकानात मिळतात, कृती पुस्तकात सापडते. आवतण मात्र माणसाने माणसाला स्वतःच द्यावे लागते. जो ते देतो, त्याचा सण कोणत्याही देशात परका होत नाही; आणि जो ते देण्याचे विसरतो, त्याचा सण स्वतःच्या गावातही परका होतो.