बेचाळीस फुटांवरचा बहिर्जी

मिनिएचर वॉरगेम खेळणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला वाद आहे. डाव सुरू व्हायच्या आधीच आपले हेर शत्रूच्या नाकाखाली नेऊन ठेवायचे, हा नियम खरा वाटतो का? वॉरहॅमर ४०,०००च्या दहाव्या आवृत्तीत (२०२३) 'इन्फिल्ट्रेटर्स' शत्रूपासून आणि त्याच्या मांडणीच्या पट्ट्यापासून ९ इंचांहून जास्त अंतरावर कुठेही ठेवता येतात. आता २८ मिलिमीटरची बाहुली म्हणजे साधारण १:५६. नऊ गुणिले छप्पन्न भागिले बारा... बेचाळीस फूट! म्हणजे उमरेडमध्ये समोरच्या घराच्या ओट्यावर दहा बंदूकवाले येऊन बसले आणि आपल्याला पत्ताच नाही.

हा हिशोब मांडून नियमाला हसणारे बरेच. मला तो आक्षेप कच्चा वाटतो. त्याच खेळात कित्येक रायफलींचा पल्ला २४ इंच, म्हणजे ११२ फूट असतो. टेबल लहान म्हणून सगळंच आक्रसलंय, मग एकट्या हेरांनाच का धरायचं?

आणि अंतर जवळचं म्हणून दिसेलच असं थोडंच आहे? जय वाघ २०१३ साली नागझिऱ्याहून चालत आमच्या उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात आला. चांगला धिप्पाड, पुढे गळ्यात रेडिओ कॉलर, फोटो काढायला जिप्सींची रांग. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. अख्खं वनखातं शोधत होतं.

लाल महाल घ्या. ५ एप्रिल १६६३ची रात्र, रमजानचा महिना. जदुनाथ सरकार सांगतात की पहाऱ्यावर हटकलं तेव्हा महाराजांच्या माणसांनी आपण बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमल्या जागी चाललोय, असं सांगितलं. इथे अंतर किती? शून्य इंच! लपले नव्हतेच ते, फक्त वेगळेच कुणीतरी वाटले.

पन्हाळा तर याहून भारी. मार्च १६७३, कोंडाजी फर्जंद आणि साठ माणसं. रात्री गड चढून त्यांनी ठिकठिकाणी कर्णे फुंकले, आणि आतल्यांना वाटलं मोठी फौज घुसली. किल्लेदाराला ती साठ डोकी मोजता आली असती तर निकाल वेगळा लागला असता.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. टेबलावर समोरचा ती डोकी मोजतो! मी पाच हेर झाडीत ठेवले की तो वाकून बघतो, हातात काय हत्यार आहे तेही बघतो, आणि पहिल्याच पाळीला तोफ वळवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल प्रायव्हेट हवं होतं, ते पब्लिक करून ठेवलंय. मग त्यावर ९ चे १२ इंच करा नाहीतर १८, बग तिथेच राहणार.

१८२४च्या प्रशियन क्रीगश्पीलमध्ये यावर उपाय होता. मधे पंच बसायचा आणि ज्याला जे दिसायला हवं तेवढंच दाखवायचा. पण रविवारी दुपारी दोन खेळाडू जमतानाच मारामार, तिसरा आणायचा कुठून? 'चेन ऑफ कमांड'ने (२०१३) मात्र डोकं लावलंय. तिथे आधी दोन्हीकडच्या गस्ती नुसत्या खुणांनी पुढे सरकतात, एकमेकींना अडवतात, आणि त्यावरून कोण कुठून टेबलावर येणार हे ठरतं. टेहळणीला स्वतःचा डाव मिळतो. मला विचाराल तर आजवरचा सगळ्यात प्रामाणिक नियम हाच.

ज्यांना आपला नेहमीचाच खेळ खेळायचाय त्यांच्यासाठी स्वस्तातला पॅच: ९ इंच राहू द्या. हेरांच्या जागी तीन उपडी सोंगटी ठेवा, त्यातली दोन पोकळ. खरं कुठलं ते चिठ्ठीवर लिहून चहाच्या कपाखाली. समोरच्याला जाणून घ्यायचं असेल तर त्याने आपली एक तुकडी आणि एक पाळी खर्चावी, किंवा आंधळेपणाने तोफ डागावी. पोकळ सोंगटीवर तोफ फुकट गेली की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो :)