पहिली मुलाखत आणि घरचीं माणसें

पदवी हातीं येऊन मुलास किंवा मुलीस नोकरीच्या पहिल्या मुलाखतीचें बोलावणें आलें, कीं एकत्र कुटुंबांत मोठी धांदल उडते. काकांस त्याच कचेरींतील एक जुना स्नेही आठवतो. आत्याबाई आपल्या जावेच्या मुलानें अशा प्रसंगीं काय उत्तर दिलें तें कळवितात. आजोबा पोशाखाविषयीं सूचना देतात. आई देवापुढें दिवा लावून हातावर दहीसाखर घालण्याची तयारी करते. या जिव्हाळ्यास कोणीं नांव ठेवूं नये. परंतु ज्याला प्रत्यक्ष जावयाचें आहे, त्याला "तुला या कामांत काय करावेंसें वाटतें?" असें विचारणारा मनुष्य या गर्दींत सहसा सांपडत नाहीं, आणि नेमका हाच प्रश्न त्याला दुसऱ्या दिवशीं परक्या माणसांपुढें विचारला जाणार असतो.

आपल्या घरांतून "मोठ्यांच्या बोलण्यांत तोंड घालूं नये" ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तींत विनय आहे, हें खरें. परंतु वीस-बावीस वर्षें ज्याचें मत कोणीं विचारलें नाहीं, त्यानें एका सकाळीं चार-पांच अनोळखी वडीलधाऱ्यांसमोर बसून स्वतःचें मत निःसंकोचपणें मांडावें, ही अपेक्षा न्यायाची कशी म्हणावी? मुलाखतींत अडखळणारीं कित्येक मुलें अज्ञानामुळें अडखळत नाहींत. मोठ्यांपुढें बोलणें म्हणजे उद्धटपणा, ही त्यांच्या मनांत खोल रुजलेली समजूत त्यांच्या जिभेस अडविते.

मुलाखत म्हणजे तोंडी घेतलेली लेखी परीक्षाच, असाहि एक समज आढळतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत गुणानुक्रमास लेखी परीक्षेचे १७५० व मुलाखतीचे २७५ गुण धरले जातात. या मुलाखतींत उलटतपासणी नसून एक स्वाभाविक, परंतु हेतुपूर्वक चालविलेला संवाद असतो, असें आयोगानेंच आपल्या सूचनापत्रांत म्हटलें आहे. संवादाचीं उत्तरें पाठ करितां येत नाहींत. पाठ केलेलें उत्तर ऐकणाऱ्यास पहिल्या वाक्यांतच ओळखूं येतें, आणि मग तो मुद्दामच असा प्रश्न विचारतो कीं ज्याचें उत्तर कोणत्याहि मार्गदर्शिकेंत नसतें.

तेव्हां तयारी करावयाची ती कशाची? प्रथम, आपण स्वतः लिहून पाठविलेल्या अर्जाची. त्यांतील प्रत्येक ओळ हें प्रश्नाला दिलेलें आमंत्रण आहे. "वाचनाची आवड" असें लिहिलें असेल, तर अलीकडे वाचलेलें पुस्तक कोणतें व त्यांतील काय पटलें नाहीं, हें सांगतां आलें पाहिजे. महाविद्यालयांत चौघांनीं मिळून एखादा प्रकल्प केला असेल, तर त्यांत आपला वांटा कोणता, अडचण कोठें आली व ती कशी सोडविली, हें दोन-तीन मिनिटांत सांगण्याचा सराव हवा. ज्या संस्थेंत जावयाचें, ती काय तयार करिते, तिचें गिऱ्हाईक कोण, आणि आपणांस दिलें जाणारें काम तेथें कोठें बसतें, एवढें तरी समजून घ्यावें. आणि एखाद्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसल्यास "मला हें माहीत नाहीं" असें शांतपणें म्हणावें. अंदाजानें ठोकून दिलेलें एक खोटें उत्तर आधींच्या दहा खऱ्या उत्तरांवरील विश्वास घालवितें.

येथें घरच्यांस खरी मदत करितां येते. एखाद्या संध्याकाळीं काकांनीं किंवा आजोबांनीं तो अर्ज हातीं घ्यावा, प्रत्येक ओळीवर "हें कां?" असें विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. हा शेवटचा नियम मुलापेक्षां काकांसच अधिक कठीण जाईल! मराठी माध्यमांतून शिकलेल्या मुलास इंग्रजी बोलण्याची धास्ती असते. त्यानें लहान, साध्या वाक्यांनीं रोज घरांत थोडें इंग्रजी बोलावें. मात्र त्याच्या चुकीला हंसणारा एकहि मनुष्य घरांत असूं नये. एका हंसण्यानें मिटलेलें तोंड पुन्हां उघडावयास महिने लागतात.

आतां काकांच्या त्या जुन्या स्नेह्याविषयीं. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनें आपल्या खालच्या श्रेणीच्या पदांसाठीं, म्हणजे 'क' गट व 'ब' गटांतील अराजपत्रित पदें यांसाठीं, मुलाखतीची पद्धत बंद केली. अशा मुलाखतींत गुणांपेक्षां शिफारशीस व पैशास वाव मिळतो, हें त्याचें कारण उघडपणें सांगण्यांत आलें होतें. ज्या वशिल्याला आपण घरांत "ओळख" असें सौम्य नांव देतों, त्याच्या पायीं सरकारास एक पद्धतच मोडावी लागली, हें ध्यानांत ठेवावें. एखाद्या ओळखीच्या माणसास त्या कामाचें स्वरूप विचारणें वेगळें, आणि "आमच्या मुलाकडे पाहा" असें त्यास सांगणें वेगळें. पहिल्यानें मुलगा शहाणा होतो. दुसऱ्यानें त्याला, आपण स्वतःच्या बळावर निवडले गेलों कीं नाहीं, हें आयुष्यभर कळत नाहीं.

हल्लीं कित्येक मुलाखती घरबसल्या संगणकाच्या पडद्यावरून होतात. त्या वेळीं घर हीच कचेरी होते. ती घटका सर्वांस आदल्या दिवशीं सांगावी. कुकरच्या शिट्ट्या, दूरदर्शन आणि पाहुणे यांची व्यवस्था आधींच लावावी. उजेड पाठीमागून न येतां चेहऱ्यावर पडेल असें बसावें. दाराआडून किंवा चिठ्ठी दाखवून उत्तर सुचविण्याचा मोह कोणींहि धरूं नये. ती शुद्ध लबाडी आहे, आणि उमेदवाराची नजर एकसारखी बाजूस वळूं लागली कीं पलीकडच्यास ती तत्काळ कळते.

मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. १९४९ सालीं चो. बे. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेंत दाखल झालेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्या वेळीं लग्न झाल्यास राजीनामा देऊं, असें त्यांजकडून लिहून घेण्यांत आलें होतें. पुढें बढतीच्या अन्यायाविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या, आणि १९७९ मध्यें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं सेवेच्या नियमांतील स्त्रियांवरील पक्षपात कडक शब्दांत दाखवून दिला. तो काळ मागें पडला, तरी "लग्नानंतर नोकरी कराल ना?" हा प्रश्न अजून कोठें कोठें मुलींपुढें येतो. त्यावर चिडण्याचें कारण नाहीं. "कामाची जी जबाबदारी घेईन, ती पार पाडीन," एवढें उत्तर पुरे.

परंतु हाच प्रश्न मुलीस प्रथम कोठें विचारला जातो? बहुधा स्वतःच्या घरीं. बंगळूरची किंवा हैदराबादची नोकरी मिळाल्यास तिला जाऊं द्यावयाचें कीं नाहीं, याचा निर्णय वडील मंडळींनीं मुलाखतीपूर्वीं करावा आणि तो तिला स्पष्ट सांगावा. निवड होईपर्यंत कौतुक करावयाचें आणि नेमणुकीचें पत्र आल्यावर "एकटीनें तेथें कसें राहणार?" म्हणून तें परत करावयास लावावयाचें, हा तिच्यावर व ती जागा गमावलेल्या दुसऱ्या उमेदवारावरहि अन्याय आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. मुलाखतीसाठीं, प्रशिक्षणासाठीं किंवा अनामत म्हणून कोणी पैसे मागितले, तर तेथें फसवणुकीचा धोका समजून मागें फिरावें. मूळ प्रमाणपत्रें दाखवावीं, पण ठेवून येऊं नयेत. वर्षाच्या पगाराचा जो मोठा आंकडा सांगितला जातो, त्यांत पुष्कळदां भविष्यनिर्वाह निधींतील मालकाचा वांटाहि धरलेला असतो. म्हणून दरमहा प्रत्यक्ष हातीं काय पडेल, हें विनयानें विचारावें. असें विचारण्यांत लोभ नाहीं.

मूल परत आल्यावर उंबरठ्यावरच त्याची दुसरी मुलाखत सुरू करूं नये. त्याला जेवूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं त्यानें आठवतील तेवढे प्रश्न वहींत लिहून काढावे. पुढच्या खेपेस ती वही शंभर उपदेशांहून अधिक उपयोगी पडेल. नकार आलाच, तर तो एका जागेपुरता नकार असतो. कुळाची अप्रतिष्ठा नव्हे. आणि घरांत धाकटीं भावंडें असतील, तर त्यांच्या मुलाखतीची तयारी आजच्या पंगतींतच सुरू करावी. घरच्या एखाद्या प्रश्नावर त्यांचें मत विचारावें, आणि तें आपल्याहून निराळें निघालें तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.