मधली सुटी आणि डबा

गेल्या महिन्यांत एके दिवशीं आमची पुतणी कचेरींतून आली ती उतरलेल्या चेहऱ्यानें. ती पुण्यांतील एका मोठ्या संगणक-कंपनींत नोकरीस आहे. चेहऱ्याहून अधिक बोलका तिचा डबा होता. झांकण काढून पाहतात तों तीन पोळ्या, दोडक्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, सर्व कांहीं सकाळीं भरलें होतें तसेंच. भरलेला डबा परत येणें ही आमच्या घरांत क्षुल्लक बाब समजत नाहींत. पांचाच्या ठोक्याला उठून तो भरणारें माणूस घरांत असतें, आणि त्याला कारण विचारल्यावांचून चैन पडत नाहीं. तरी त्या सायंकाळीं कोणी विचारलें नाहीं. रात्रीं पानें झाल्यावर तिचें तिनेंच सांगितलें.

हकीकत अशी. तिच्या विभागांत दहा-अकरा माणसें. त्यांच्यासाठीं जेवावयास एक लहानशी खोली. खिडकी नाहीं, हवा यंत्रानें थंड केलेली, आणि कोपऱ्यांत अन्न गरम करण्याचा मायक्रोवेव्ह. विभागांत मालवणाकडील एक मुलगी आहे. आठवड्यांतून दोनदां तिच्या डब्यांत मासळी असते. तिनें डबा गरम केला कीं वास तासभर खोलींत कोंडून राहतो, अशी दोघा-तिघांची कुरकुर होती. समोर बोलावयास कोणीच तयार नव्हतें. शेवटीं आमच्या पुतणीचें अक्षर चांगलें आणि भाषा सौम्य, म्हणून तिनें एक चिठ्ठी लिहावी असें ठरलें. "तीव्र वासाचे पदार्थ कृपया येथें गरम करूं नयेत", एवढाच मजकूर. चिठ्ठी यंत्राच्या दारावर चिकटली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी खोलींत जेवावयास येईनाशी झाली. चौथ्या दिवशीं आमची पुतणी कांहीं कामानें जिन्यानें खालीं उतरत होती, तों मधल्या वळणावर ती मुलगी पायरीवर बसून, डबा मांडीवर घेऊन, थंड आमटी-भात जेवीत होती. त्या दिवशीं डब्यांत मासळी नव्हतीच. तिनें हंसून पाय आंखडले आणि उतरावयास वाट करून दिली. ह्यापलीकडे कांहीं घडलें नाहीं.

हें ऐकून आमच्या तोंडून प्रथम जें निघालें तें आमच्या वयास शोभणारें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. आम्ही म्हणालों, "चिठ्ठींत मासळीचें नांव नव्हतें ना? मग तुझ्याकडे दोष कसा?" ओटा पुसतां पुसतां आमच्या वहिनी म्हणाल्या, "मुळ्याच्या भाजीचें तरी नांव होतें का, भावोजी?" सोमवारीं पुतणीच्या डब्यांत मुळ्याचीच भाजी गेली होती, आणि ती तिनें त्याच यंत्रांत गरम केली होती. तिला कोणी कांहीं म्हटलें नव्हतें.

वहिनींच्या बोलण्यांत जें शास्त्र आहे तें पडताळून पाहण्यासारखें आहे. मुळा, कोबी, लसूण आणि आपला हिंग ह्यांच्या दर्पाचें मूळ गंधकयुक्त द्रव्यांत असतें. मासळीच्या वासाचें मूळ अमोनियाच्या जातीच्या एका क्षारधर्मी द्रव्यांत. दोन्ही उष्णतेनें हवेंत उडतात, दोन्ही बंद खोलींत सांचून राहतात. कोंकणांतील सुगरणी माशाच्या आमटींत कोकम घालतात त्यांत चवीखेरीज हाही लाभ आहे कीं आंबटपणानें तें क्षारधर्मी द्रव्य बांधलें जातें व वास मंदावतो. अर्थात् "तीव्र वास" ह्या दोन शब्दांचा अर्थ नाकानें ठरत नाहीं, संवयीनें ठरतो. ज्या घरांत रोज हिंगाची फोडणी पडते त्या घरास हिंगाचा वास येत नाहीं, एवढेंच. म्हणून ती चिठ्ठी जरी सर्वांना उद्देशून लिहिलेली होती तरी ती एकट्या माणसानें वाचली, आणि बाकीच्यांस हें आधींपासून ठाऊक होतें.

आपल्या मंडळींस ह्या विषयाचा इतिहास नवा नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पाहुण्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कांहींनीं चहा घेतला, कांहींनीं घेतला नाहीं. गोपाळराव जोश्यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापविलीं, आणि एका पेल्यावरून जें ग्रामण्य माजलें तें शंकराचार्यांपर्यंत जाऊन पोंचलें. १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावें लागलें. गंमत अशी कीं मुंबईंत महादू हावजी बच्चे ह्यांनीं कामावरच्या माणसांस घरचा डबा पोंचविण्याचा धंदा सुरू केला तोही त्या चहाच्याच, म्हणजे १८९० सालीं असें सांगतात. शहरांत नाना जातींचीं, नाना प्रांतांचीं माणसें एका छपराखालीं काम करूं लागलीं होतीं, आणि प्रत्येकास आपल्याच चुलीवरचें अन्न हवें होतें. मावळांतील व जुन्नर-आंबेगांवकडील माणसांनीं ही अडचण पायीं, सायकलीवर आणि आगगाडीनें अशी सोडविली कीं पुढें जगानें ती पाहावयास यावें. परंतु त्यांचें काम डबा दारापर्यंत नेऊन देण्याचें. तो कोणाशेजारीं बसून उघडावयाचा हा प्रश्न त्यांचा नव्हता. तो आमच्यावर राहिला, आणि सव्वाशें वर्षें उलटून गेलीं तरी राहिलेलाच आहे. २०१४ सालीं चेन्नईच्या एका जुन्या, प्रतिष्ठित इंग्रजी वृत्तपत्राच्या कचेरींत उपाहारगृहांत सामिष अन्न आणूं नये अशी सूचना निघाली व तिजवर देशभर चर्चा झाली. कारण दिलें होतें तें शाकाहारी सहकाऱ्यांस होणाऱ्या त्रासाचें. वाचकांपैकीं कित्येकांस तें पटलें असेल. आम्हांसही तेव्हां तें फारसें खटकलें नव्हतें.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर लिहिणें एकांगी होईल. बंद खोलींत उष्ण मासळीचा वास ज्यास जन्मांत संवय नाहीं त्यास खरोखरच सोसत नाहीं. त्यांत ढोंग नसतें. एखादी बाई गरोदर असेल तर तिला फोडणीचाही वास सोसत नाहीं. प्रत्येक तक्रारीच्या मुळाशीं जातीचा अभिमानच असतो असें मानणें हा दुसऱ्या टोंकाचा अन्याय होय. शिवाय मासळी खाणारे म्हणजे कोणी परके, हीही समजूत खरी नव्हे. आपल्यांतीलच सारस्वत घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली आहे. प्रश्न सोयीचा आहे तोंवर सोयीनें सुटतो. झांकण सैल ठेवून, बेताच्या आंचेवर, थोडाच वेळ गरम करावें. भांडें बाहेर काढल्यावर यंत्राचें दार क्षणभर उघडें ठेवून आंतून पुसावें. मासळी गरम न करतां भात तेवढा गरम करून त्यावर कालवण घ्यावें. मालवणाकडे कालवण शिळें अधिक मुरतें असें म्हणणारे पुष्कळ भेटतील. खोलीस खिडकी नसेल तर वास ओढून घेणारा पंखा बसविण्याची मागणी अकरा जणांनीं मिळून वरिष्ठांकडे करावी. पण हें सर्व तोंडानें, त्या माणसाजवळ बसून, आणि आपल्या मुळ्यालाही तोच नियम लावून बोलावयाचें असतें. चिठ्ठीस उत्तर देतां येत नाहीं. जिला उत्तर देतां येत नाहीं अशी सूचना बरोबरीच्या माणसांत देऊंच नये, असें आमचें मत झालें आहे.

आपल्याकडे पंगतींत एकास तूप अधिक व दुसऱ्यास कमी वाढणें ह्यास पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणाऱ्या यजमानाची गांवभर छी-थू होते. कचेरींतील पंगतीस यजमान नाहीं म्हणून तेथें पंक्तिप्रपंच होत नाहीं असें थोडेंच आहे! जो कधींच डबा आणीत नाहीं व प्रत्येकाच्या डब्यांतील एक-एक घांस "चव पाहतों" म्हणून उचलतो, त्याच्याविषयीं लिहूं लागलों तर अंक पुरणार नाहीं. चहाच्या किटलींत शेवया शिजविणारे आणि चार वाजतां टेबलावर कांदा चिरून भेळ कालविणारे हेही आतां सर्वत्र झाले आहेत. त्यांनीं भांडें धुवून व कांद्याचीं सालें गुंडाळून टाकावींत, म्हणजे आमची तक्रार नाहीं. भेळ आम्हांसही आवडते.

एका माणसाकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं, तो म्हणजे शिपाई. सर्वांचे डबे तो गरम करतो, सर्वांचे पेले तो विसळतो, आणि स्वतः जेवतो तीन वाजतां, तेंही हांक येईल तसें उठत. १९४८ च्या कारखाने-कायद्यानें पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विसांवा, दीडशेंहून अधिक कामगार असतील तेथें जेवणाची खोली आणि अडीचशेंहून अधिक असतील तेथें उपाहारगृह अशी व्यवस्था सांगितली होती. ती गिरणी-कारखान्यांपुरती. चार खोल्यांच्या कचेरींतील एकट्या शिपायास असला कायदा कोठून पोंचणार? तेथें "तुझें जेवण झालें का?" हें विचारणें बसणाऱ्यांकडेच येतें. आम्ही स्वतः नोकरींत असतां तीस वर्षें एकाच्या हातचा चहा घेतला. त्याच्या डब्यांत काय असे हें आम्हांस आजही सांगतां येणार नाहीं.

पुतणीचें पुढें काय झालें हें वाचक विचारतील. दुसऱ्या दिवशीं तिनें चिठ्ठी काढली. ज्यांनीं ती लिहावयास लावली होती त्यांना तिनें आधीं सांगितलें, नंतर त्या मुलीजवळ जाऊन, अक्षर आपलें होतें हें कबूल केलें. मुलगी म्हणाली, "मला ठाऊक होतें. फळ्यावर तुमचेंच अक्षर असतें ना." आमची पुतणी ह्या उत्तरासाठीं तयार नव्हती. ती मुलगी आतां खोलींत येते, परंतु रोज नाहीं, आणि मासळी आणावयाचें तिनें सोडलें आहे. पुतणीनें दोनदां सांगून पाहिलें, पण ती "आईला सकाळीं वेळ होत नाहीं" एवढेंच म्हणते. कदाचित् तें खरेंही असेल. वहिनींनीं तिच्यासाठीं मेतकूट पाठविलें. तिच्या आईकडून आमसुलांची पुडी आली. आमटीस आतां तींच वापरतों.

लेख येथेंच संपावयाचा, पण एक गोष्ट राहिली. २०२० च्या मार्च महिन्यापासून कित्येक कचेऱ्या घरांतच आल्या व त्यांतल्या पुष्कळ अजून अर्ध्या घरांतच आहेत. आमची थोरली सून आठवड्यांतून तीन दिवस माजघरालगतच्या खोलींत बसून काम करते. मुलगाही दोन दिवस घरूनच करतो. मुलाच्या खोलीचें दार लागलें कीं घरांत सर्वजण हळू बोलतात आणि चहा आंत नेऊन देतात. सुनेच्या खोलीचें दार मात्र आम्हीं दिवसांतून दहा वेळां लोटलें आहे. "जरा कुकर लावतेस का", "दूध उतूं जाईल, बघ हं", "डाळ भिजत घातली होतीस का?" ती कानांतलें यंत्र काढून उठते, कुकर लावते आणि पुन्हां बसते. परवां तिच्या सभेंत बेंगलोरच्या साहेबांनीं विचारलें कीं ही शिट्टी कसली. ती म्हणाली, "माफ करा." तें शेजारच्या खोलींत आम्हीं ऐकलें. कामाच्या वेळीं स्वयंपाक करूं नये हा शिष्टाचार आम्ही पुतणीच्या कचेरीस शिकवावयास निघालों होतों.

वहिनींशीं बोलून असें ठरलें कीं सुनेचें काम असेल त्या दिवशीं दुपारचा कुकर तिनें लावावयाचा नाहीं. मग कोणीं लावावयाचा, ह्यावर थोडी शांतता झाली. चार वाट्या पाणी आणि तीन शिट्ट्या, हें आतां आम्हांस पाठ आहे. डाळीस हळद घालावयाची राहते ती वहिनी आठवण करतात. आज मंगळवार. सुनेची सभा चालू आहे, आणि तिसरी शिट्टी होत आली आहे; तेव्हां गॅस बंद करावयास आम्हांस उठलें पाहिजे.