‘बिकिनी’ नको, म्हणून ‘फिजिक’?

अंगमेहनतीच्या खेळात मुलींनी उतरणे अहिल्यानगर जिल्ह्याला आता नवे राहिलेले नाही. श्रीगोंदा तालुक्यातील भाग्यश्री फंड हिने २०२५ च्या जानेवारीत महिला महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. त्याच सुमारास नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची महाराष्ट्र केसरी रंगली होती. कुस्तीत एक गोष्ट सोपी असते. किताबाची खुली लढत सोडली, तर मुलगी काट्यावर उभी राहते, काटा आकडा दाखवतो आणि गट ठरतो. आकड्याशी हुज्जत घालता येत नाही.

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत असा काटा नाही. तिथे उंचीचे उपगट असतात, पण मूळ विभाग कोणता घ्यायचा हे स्पर्धक आणि तिचा कोच ठरवतात. परीक्षक गुण देतात ते नजरेने. सावेडी असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, जिममध्ये पहाटेच्या बॅचला वजने उचलणाऱ्या मुली दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या एखादीला ‘स्टेजवर उतरशील का’ असे कोणीतरी विचारते आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : कोणत्या विभागात? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा चुकीच्या कारणाने दिले जाते, आणि त्याची किंमत मोजते त्या मुलीची पाळी, तिची हाडे आणि कधी कधी तिचा आवाज.

आधी विभागांचा गोंधळ निस्तरू. महिलांसाठी आज जगभर साधारण पाच विभाग चालतात. बिकिनी या विभागात सडपातळ, बांधेसूद शरीर हवे असते. स्नायूंच्या रेषा खोल दिसल्या तर गुण कमी होतात. वेलनेस हा ब्राझीलमधून आलेला प्रकार. त्यात मांड्या आणि नितंब भरदार, वरचे शरीर तुलनेने हलके असते. ऑलिम्पिया स्पर्धेत तो २०२१ साली आला. फिगरमध्ये खांदे रुंद, कंबर बारीक आणि स्नायू स्पष्ट लागतात. विमेन्स फिजिकमध्ये त्याहून अधिक स्नायू आणि कमी चरबी. इथे उंच टाचांच्या चपला नसतात, अनवाणी पोझ द्याव्या लागतात. शेवटचा विभाग बॉडीबिल्डिंग. मिस ऑलिम्पिया १९८० साली सुरू झाली, २०१४ नंतर बंद पडली आणि २०२० साली परत आली. एवढ्यावरून या टोकाच्या विभागाचे खेळातले स्थान किती डळमळीत आहे ते कळावे.

भारतात संघटना एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीची नावे वेगळी. कुठे ‘मॉडेल फिजिक’, कुठे ‘स्पोर्ट्स फिजिक’, कुठे ‘फिटनेस फिजिक’. ‘फिजिक’ हा शब्द एका संघटनेत हलक्या विभागाच्या नावात असतो, तर दुसरीत जड विभागाच्या. म्हणून नाव वाचून निर्णय घेऊ नये. त्या संघटनेचे नियमपत्रक मागवावे आणि मागच्या वर्षी त्या विभागात पहिल्या तीन आलेल्या स्पर्धकांचे फोटो शांतपणे पाहावेत.

आता खरी अडचण. ‘मी बिकिनीत खेळते’ हे वाक्य नेवाशात किंवा पाथर्डीत, आजी-आजोबा आणि काका-काकू एका छताखाली असलेल्या घरात म्हणून पाहा. ‘मी फिजिकमध्ये उतरते’ हे म्हणायला किती सोपे आहे! ऐकायला ते व्यायामाचे वाटते, खेळाचे वाटते. पण कपड्यांच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. बहुतेक संघटनांत फिगर आणि फिजिकच्या स्पर्धकही टू-पीसच घालतात. फरक आहे तो शरीराकडून होणाऱ्या मागणीत. बिकिनीला लागते त्यापेक्षा किती तरी अधिक स्नायू आणि अधिक कोरडे शरीर फिजिकला लागते. म्हणजे उच्चारायला सर्वांत अवघड असलेला विभाग शरीराला तुलनेने सोसणारा आहे आणि घरी सांगायला सोपा असलेला विभाग शरीराची सर्वाधिक परीक्षा पाहणारा. लोक काय म्हणतील या धाकाने निवडलेला विभाग मुलीला वर्षानुवर्षे महागात पडू शकतो. संघटनांनी नावे बदलली तर बरेच काही सुधारेल. एखाद्या हलक्या विभागाला ‘मॉडेल’ म्हणता येते, तर ‘बिकिनी’च हवे असा आग्रह कशासाठी, हे कोडेच आहे.

दुसरे चुकीचे कारण कोचच्या सोयीचे. जिल्हा किंवा विभागीय पातळीवर जड विभागात स्पर्धक कमी येतात. चार जणी उतरल्या तर पदक जवळपास ठरलेले. पदकाचा फोटो जिमच्या भिंतीवर लागतो, पुढच्या बॅचला प्रवेश वाढतात. यात कोचचा हेतू वाईटच असतो असे नाही. पण चार जणींमधले पदक मिळवायला ज्या शरीराला तीन-चार वर्षे लागायला हवीत, त्याला चार महिन्यांत तिथे ढकलले जाते.

हे ढकलणे शरीरात नेमके काय करते, ते एका हिशेबाने कळते. समजा मुलीचे वजन ५२ किलो आहे, त्यात १२ किलो चरबी. उरलेले ४० किलो म्हणजे स्नायू, हाडे, अवयव आणि पाणी. व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा केल्यावर या ४० किलोंच्या वाट्याला जे उरते, त्यावर हृदय, मेंदू, हार्मोन सगळे चालते. दर किलोला दिवसाकाठी सुमारे ४५ कॅलरी मिळाल्या तर कारभार सुरळीत. ३० च्या खाली गेल्या तर गडबड सुरू. अमेरिकी संशोधक अॅन लाउक्स यांनी २००३ साली नियमित पाळी येणाऱ्या तरुणींवर हे तपासले. अवघ्या पाच दिवसांत, मेंदूकडून बीजकोशाला जाणाऱ्या संप्रेरकाच्या लाटा विस्कळीत झाल्या. ३० हा प्रत्येकीसाठी दगडावर कोरलेला आकडा नव्हे. कोणाला त्याच्या थोड्या वरही त्रास होतो, कोणाला खालीही लगेच होत नाही. तरी हिशेबाला तो उपयोगी पडतो. आपल्या मुलीचे ४० गुणिले ३० म्हणजे १२००. त्यात व्यायामाचे ४०० धरले, तर १६०० कॅलरींच्या खाली तिने जाऊ नये. प्रत्यक्षात स्पर्धेच्या तयारीत दिवसाला ११०० कॅलरींचा तक्ता सर्रास हातात दिला जातो. व्यायाम वजा करता उरतात ७००, म्हणजे दर किलोला १७-१८. एवढ्यावर शरीर आधी जे काम ‘आत्ता गरजेचे नाही’ म्हणून बाजूला ठेवते, ते म्हणजे प्रजननाचे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘सापेक्ष ऊर्जा-तुटवडा’ असे नाव दिले. त्यात पाळीबरोबर हाडे, थायरॉईड, हृदय, प्रतिकारशक्ती आणि मन:स्थिती हे सगळे येते.

‘शो झाला की पाळी येते, घाबरू नको,’ हे वाक्य जिममध्ये हमखास ऐकू येते. काहींच्या बाबतीत ते खरेही ठरते. फिनलंडमधील २७ महिला स्पर्धकांच्या अभ्यासात, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, सुमारे चार महिन्यांच्या आहारानंतर शरीरातील चरबी सरासरी २३ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आली. इस्ट्रोजेन, लेप्टिन, थायरॉईडचे टी-३ हे सगळे घसरले. स्पर्धेनंतर तीन-चार महिन्यांत बरेच काही जागेवर आले, पण टी-३ तेव्हाही पूर्ण सावरले नव्हते. त्याआधी, २०१६ साली, अमेरिकेत फिगर विभागात उतरलेल्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. तिने कोणतेही औषध घेतले नव्हते आणि तिची तयारी पाच महिन्यांची, म्हणजे घाईची नव्हती. तरी पाळी तयारीच्या मध्यावरच थांबली आणि परत आली ती स्पर्धेनंतर ७१ आठवड्यांनी. जवळपास सव्वा वर्ष! हाडांची घनता ज्या वयात भरून घ्यायची, त्याच विशीच्या वयातले सव्वा वर्ष.

इथे एक फसगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळ्यांच्या पाकिटाचा हिशेब असतो, बीजकोशाचा नाही. गणपतीत किंवा घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे बिनदिक्कत घेतल्या जातात, तशाच त्या स्पर्धेच्या तारखेसाठीही घेतल्या जातात. मग पाळी खरोखर थांबली आहे की गोळीने लांबली आहे, हे मुलीलाही कळत नाही. कोणतीही गोळी नसताना सलग तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे. स्पर्धा पंधरा दिवसांवर असली तरी.

महाराष्ट्रात या खेळाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिला रक्तक्षयी होत्या. म्हणजे जिममध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलीची सुरुवातच तुटवड्यातून होते. तिला दम लागतो, वजने वाढत नाहीत आणि कोच म्हणतो, ‘मनापासून करत नाहीस.’ हिमोग्लोबिन १२ च्या खाली असताना चरबी उतरवण्याचा आहार सुरू करणे म्हणजे गळक्या टाकीला मोठा नळ लावणे. आधी लोह भरून काढायचे. त्याला चार-सहा महिने लागतात. त्या काळात भाकरी, उसळ, अंडी, दूध पोटभर खाऊन फक्त ताकद वाढवायची. दुधाच्या जिल्ह्यात प्रथिनांसाठी महागड्या डब्यावाचून अडते, असे मुळीच नाही.

आणि मग औषधे. फिजिक आणि त्यापुढच्या विभागांत जे स्नायू दिसतात, ते सर्वच मुलींना केवळ कष्टाने मिळत नाहीत, ही गोष्ट जिममध्ये कुजबुजत्या आवाजात सांगितली जाते. ती उघडपणे सांगितली पाहिजे. पुरुषी संप्रेरकांसारख्या अॅनाबॉलिक स्टिरॉइडने बाईचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, बाह्य जननेंद्रियात बदल होतात. औषध बंद केल्यावर पाळी बहुधा परतते. घोगरा झालेला आवाज बहुधा परतत नाही. ‘महिलांसाठीचा हलका डोस’ या नावाने जे दिले जाते, त्यालाही हे लागू आहे. कोणत्या विभागात उतरायचे हे ठरवताना कोचने ‘थोडा सपोर्ट लागेल’ असे म्हटले, तर तो विभाग त्या मुलीचा नाही, एवढे समजून घ्यावे.

याचा अर्थ सगळ्यांनी बिकिनीतच थांबावे असा मात्र नाही. काही मुलींची ठेवणच रुंद खांद्यांची, लवकर स्नायू धरणारी असते. लहानपणी कुस्ती, कबड्डी किंवा भालाफेक केलेल्या मुलींत ती दिसते. त्यांना हलक्या विभागात बसवायचे तर स्नायू गाळावे लागतात, उपाशी राहावे लागते. तोही छळच. अमेरिकेच्या डेना लिन बेली काही वर्षे फिगरमध्ये झगडत होत्या. विमेन्स फिजिक विभाग सुरू झाल्यावर त्या तिथे गेल्या आणि २०१३ साली ऑलिम्पियातील या विभागाच्या पहिल्या विजेत्या ठरल्या. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या दीपिका चौधरी यांनी फिगर विभाग धरला आणि त्यात व्यावसायिक दर्जा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. नोकरी सांभाळून केलेला हा प्रवास काही महिन्यांच्या ‘कटिंग’चा नव्हता.

मग निवडायचे कसे? वर्षभर पोटभर खाऊन, नियमित पाळी ठेवून व्यायाम करायचा. या वर्षाच्या शेवटी शरीर जिथे पोहोचेल, त्याच्या सर्वांत जवळचा विभाग आपला. खांदे-पाठ पुढे आहेत की मांड्या, हे तेव्हा आपोआप दिसते आणि तिऱ्हाईत परीक्षकाला दाखवून घेता येते. त्या विभागासाठी आणखी किती चरबी उतरवावी लागेल, हे पाहावे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्क्याहून अधिक वेगाने उतरवावी लागत असेल, तर तारीख पुढची घ्यावी. तयारीआधी आणि तयारीच्या मध्यावर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी. पाळीच्या तारखा कोचच्या वहीत वजनाच्या शेजारी लिहिल्या जाव्यात. पुरुष कोचला हे विचारायला संकोच वाटतो आणि मुलीला सांगायला, हे खरे. ज्या जिममध्ये हे बोलणे जमत नाही, तिथे आई, मोठी बहीण किंवा जिममधल्या एखाद्या ताईंनी ती वही ठेवावी. आणि अठराच्या आतल्या मुलीला चरबी उतरवण्याचा तक्ता कोणत्याही विभागासाठी देऊ नये.

हिवाळ्यातल्या एखाद्या स्पर्धेवर डोळा असलेल्या मुलीने उन्हाळा संपायच्या आत रक्त तपासून घ्यावे. अहवालात हिमोग्लोबिन साडेदहा आले, तर या हिवाळ्यात तिने प्रेक्षकांत बसून तिन्ही-चारही विभाग पाहावेत. कोणत्या विभागातल्या मुली आपल्यासारख्या दिसतात, हे तिथे घरच्यांनाही दाखवता येईल.