अंदाज विकताय? आधी चुकांचा हिशोब दाखवा!

मंडळी, जुनी गाडी घेताना आपण ती किती चालली, कुठे ठोकली, सगळं खोदून खोदून विचारतो. पण पुढच्या तिमाहीत किती माल खपेल हे सांगणारा फोरकास्टिंगचा तज्ज्ञ नेमताना काय बघतो? त्याचं प्रेझेंटेशन! डीप लर्निंग, चार बड्या कंपन्यांचे लोगो, आणि ‘९५ टक्के अचूकता’. कशाच्या तुलनेत ९५? हे विचारायचं कुणाला सुचत नाही. खप दर महिन्याला जवळपास तेवढाच असेल तर ‘गेल्या महिन्याइतकाच’ असं सांगणारा वॉचमनसुद्धा ९५ टक्के काढेल, आणि तेही फुकट.

माझं म्हणणं साधं आहे. जो आपल्या जुन्या अंदाजांचा हिशोब, चुकलेल्यांसकट, दाखवत नाही त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि तुम्ही स्वतः ही कन्सल्टिंग करत असाल तर तो न मागता द्या.

फार कडक वाटतंय? फिलिप टेटलॉक यांनी वीसेक वर्षं २८४ तज्ज्ञांचे ८० हजारांहून जास्त राजकीय-आर्थिक अंदाज तपासले आणि २००५ साली पुस्तक काढलं. सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यांच्या पुढे गेला नाही. ज्यांचं नाव जास्त, ते तर जास्तच चुकले!

राजकारण सोडा म्हणता? २०१८ च्या एम४ स्पर्धेत १ लाख आकडेमालिका होत्या. निव्वळ मशिन लर्निंगच्या सहा पद्धतींपैकी एकच ‘शेवटचा आकडा, हंगामाप्रमाणे दुरुस्त करून’ या बाळबोध पद्धतीला हरवू शकली. २०२० च्या एम५ मध्ये वॉलमार्टच्या विक्रीवर मशिन लर्निंग जिंकलं, हे खरं. पण बहुसंख्य संघांना एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगही भारी पडलं. म्हणजे तंत्र खोटं नाही, पण नुसतं नाव घेऊन भागत नाही.

तेव्हा तीनच प्रश्न विचारा. एक, बाळबोध पद्धतीपेक्षा तुमची चूक किती कमी? दोन, एकच आकडा का, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती? तीन, दिवाळीचं काय केलंत? २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला ऑक्टोबरमध्ये. ज्याचं मॉडेल नुसतं इंग्रजी महिने मोजतं, त्याने आपल्याकडच्या मिठाईवाल्याच्या वाटेला जाऊच नये.

आता कुणीतरी म्हणणार, “अरे, क्लायंटला खात्री हवी असते, असं बोललो तर काम जाईल.” जाऊ दे की! अंदाज चुकतो तेव्हा सल्लागाराचं बिल कधीच चुकतं झालेलं असतं. पडून राहिलेल्या मालाचं व्याज दुकानदार भरतो, आणि सीझनसाठी घेतलेल्या पोरांना पंधरा दिवस आधीच ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगतात. खोट्या खात्रीची किंमत ती विकणारा कधीच मोजत नाही, हेच तर दुखणं आहे.

चुकणं हा गुन्हा नाही. भविष्य कुणाच्या बापाला कळलंय? पण चुकांची वही न ठेवता फी घेणारा आणि पोपटवाला ज्योतिषी यांत फरक एवढाच, की पोपटवाला स्वस्तात पडतो.

असो. बघा पटतंय का.