विश्लेषण : एकच टेकडी, दोन गावे… ‘सुसिया’चा वाद काय?

‘नो अदर लँड’ या माहितीपटाला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात त्याचे एक दिग्दर्शक हमदान बलाल यांना त्यांच्या सुसिया गावात ज्यू वसाहतवाल्यांनी मारहाण केल्याचा आरोप झाला. इस्रायली लष्कराने बलाल यांनाच ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी ते सुटले. त्यांच्या गावाच्या वादाचे मूळ मात्र शेजारच्या टेकडीवरील उत्खननात आहे.

टेकडीवर काय सापडले?

सुसिया हे वेस्ट बँकमध्ये, हेब्रॉनच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात आहे. तेथे १९७१-७२ मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन ज्यू गावातील सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उजेडात आले. त्याच्या मोझेक फरशीवर मेनोरा हा सात शाखांचा दीप आणि हिब्रू व अरेमाइक लेख आहेत. घरे, विधीस्नानाची कुंडेही आढळली. पुढे याच सिनेगॉगच्या अंगणात मशीद उभी राहिली. म्हणजेच टेकडीचा इतिहास एकाच समाजाचा नाही.

मग गावकरी का हटवले गेले?

या अवशेषांच्या परिसरात पॅलेस्टिनी कुटुंबे गुहांमध्ये व दगडी घरांत राहत होती. १९८३ मध्ये जवळच सुसिया नावाचीच ज्यू वसाहत झाली. १९८६ मध्ये इस्रायली प्रशासनाने परिसर पुरातत्त्वस्थळ ठरवून या कुटुंबांना हटवले. ती जवळच्या आपल्या शेतजमिनीवर गेली.

आता पेच कोणता?

ओस्लो करारानुसार हा भाग ‘क्षेत्र क’मध्ये, म्हणजे पूर्णपणे इस्रायली नियंत्रणात येतो. नवी घरे विनापरवाना आहेत, असे इस्रायलचे म्हणणे. पॅलेस्टिनींना परवाने जवळपास मिळतच नाहीत, असे गावकऱ्यांचे म्हणणे. पाडकामाची टांगती तलवार कायम आहे. २०१५ मध्ये अमेरिका आणि युरोपीय महासंघानेही गाव पाडू नये, असे इस्रायलला सांगितले होते.

महत्त्व कशाचे?

येथे ज्यू गाव होते, हे निर्विवाद आहे. प्रश्न जतनाचा नाहीच. दीड हजार वर्षांपूर्वीच्या घरांची राखण करताना आज तेथे राहणाऱ्यांची घरे का जावीत, हा आहे. त्याचे उत्तर उत्खननातून मिळणार नाही. ते राजकीय निर्णयातूनच यावे लागेल.