‘विंडोज मारून देतो’

इचलकरंजीत माझ्या ताईच्या घरचा कॉम्प्युटर दिवाळीनंतर पासवर्ड विचारण्याआधीच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. चिन्ह यायचं, खाली ठिपके गोल फिरायचे, पडदा काळा व्हायचा, पंख्याचा आवाज क्षणभर दबायचा आणि सगळं पहिल्यापासून. दाजींनी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेलं. काउंटरमागच्या माणसानं दोनदा चालू करून पाहिलं आणि सांगितलं, ‘विंडोज करप्ट झालीय काका. मारून देतो. आठशे रुपये.’ संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला. त्यात नऊ वर्षांचे फोटो नव्हते, सुताच्या आवक-जावकीचा दोन वर्षांचा हिशेब नव्हता. पाचव्या दिवशी तो पुन्हा तसाच बंद-चालू व्हायला लागला.

या माणसाचा मला राग आहे, आणि तो मी सौम्य करून मांडणार नाही. त्यानं कॅबिनेटचा पत्रा उघडला नव्हता. मीटर लावला नव्हता. सगळ्यात वाईट म्हणजे, त्यानं दाजींना एकही प्रश्न विचारला नव्हता. ताप आला म्हणून आलेल्या माणसाची नाडी न बघता त्याच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणणार नाही. मग यांना तंत्रज्ञ का म्हणायचं?

विचारायचा प्रश्न एकच होता : अलीकडे काय बदललं? दाजींनी लगेच सांगितलं असतं की दिवाळीत भाच्यानं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. तिथून पुढे अर्ध्या तासाचं काम होतं.

या दुकानदाराची बाजू मी नंतर ऐकून घेतली, आणि ती इथे मांडतो, कारण चूक नेमकी तिच्यातच आहे. तो म्हणाला, ‘सेफ मोडमध्ये व्यवस्थित चालत होता. म्हणजे हार्डवेअर ठीक आहे. म्हणजे विंडोजच खराब.’ ऐकायला पटतं. अशी पटणारी चूक जास्त घातक, कारण ती करणाऱ्याला आपण विचार केला असं वाटत राहतं. सेफ मोडमध्ये विंडोज कार्डाचा खरा ड्रायव्हर चढवतच नाही. पडदा दाखवण्यापुरता स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरते. कार्ड जवळपास झोपलेलं राहतं. नेहमीच्या सुरुवातीला मात्र चिन्ह दिसून गेल्यावर आणि पासवर्डाचा पडदा येण्याआधी खरा ड्रायव्हर चढतो, कार्ड जागं होतं आणि एकदम वीज ओढतं. कॉम्प्युटर नेमका त्याच क्षणी पडत होता.

ही वीज येते एसएमपीएसमधून. कॅबिनेटच्या कोपऱ्यातल्या त्या पत्र्याच्या डब्याकडे आपल्याकडे कोणी बघत नाही. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. १२ व्होल्टच्या तारेवर पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असं सांगणारी एक वेगळी तार त्यात असते. भार झेपला नाही, व्होल्टेज घसरलं की तो इशारा जातो आणि बोर्ड सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ताईच्या घरचा एसएमपीएस नऊ वर्षांचा होता. त्यातले कपॅसिटर वयानं सुकतात, फुगतात, आणि अचानक आलेला भार सांभाळायची ताकद आधी तीच जाते. फॉरमॅटनंतर चार दिवस सगळं नीट का चालत होतं, याचंही उत्तर इथेच आहे. कोऱ्या विंडोजमध्ये कार्डाचा ड्रायव्हर नव्हता. दाजींनी नेट जोडलं, अपडेटमधून ड्रायव्हर आला आणि दुखणं परतलं. म्हणजे त्या आठशे रुपयांनी बिघाड चार दिवस झाकून ठेवला, आणि त्या झाकणाची किंमत म्हणून घरातले फोटो गेले.

दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी कॅबिनेटचा पत्रा काढला. आधी समोरच्या रीस्टार्ट बटणाच्या दोन पिना बोर्डावरून उपटून पाहिल्या, कारण बटण आत अडकून राहिलं तरी असाच खेळ होतो. मग रॅम काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात पुसले, एकेक पट्टी बसवून पाहिली. फरक नाही. मग कार्ड काढून पडद्याची वायर थेट मदरबोर्डला लावली. कॉम्प्युटर पासवर्डापर्यंत गेला. कार्ड पुन्हा बसवून त्यांनी पिवळ्या तारेवर मीटर धरला. ठिपके फिरत असताना आकडा १२ च्या आसपास होता, आणि काळोख व्हायच्या आधी ११.१ दिसला. त्यांनी मीटर माझ्याकडे वळवून धरला, म्हणजे मी स्वतः वाचावा. वीस मिनिटं झाली होती. त्यांनी दीडशे रुपये घेतले आणि नवीन एसएमपीएस कुठूनही घ्या म्हणून सांगितलं. जुना डबा मी घरी उघडून बघणार होतो. त्यांनी दटावलं : प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट साठून असू शकतात, घरात हात घालू नका.

तंत्रज्ञ यांना म्हणायचं.

पण सगळा दोष गल्लीतल्या दुकानाच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. दुकानदाराला पडद्यावर काही दिसलंच नाही, हे खरं आहे. आणि बिघाड विंडोजच्या आतला असतो तेव्हाही घरच्या माणसाला काही दिसत नाही, ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. विंडोज कोसळते तेव्हा ती कारण लिहून दाखवू शकते. निळ्या पडद्यावर बिघाडाचा कोड येतो, काही वेळा चुकलेल्या फाइलचं नावही येतं. तरीही एक्सपीच्या काळापासून, म्हणजे २००१ पासून, मायक्रोसॉफ्टनं घरगुती विंडोजमध्ये ‘कोसळल्यावर आपोआप रीस्टार्ट’ ही खूण आधीच लावून ठेवलेली आहे. बँकेच्या सर्व्हरसाठी ते योग्य आहे, तिथे रात्री तीन वाजता कोणी पडद्यासमोर नसतं. घरात माणूस समोरच बसलेला असतो. त्याला वाचायचं असतं. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि एफ-८ दाबून मेनू उघडायची हाताची वर्षानुवर्षांची सवयही गेली. कारण असं दिलं की मशीन आता इतकं वेगानं सुरू होतं की ती कळ दाबायला दोनशे मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ उरतो. २०२५ मध्ये निळा पडदा काळा केला गेला, आणि बहुतेकांसाठी तो आता साधारण दोन सेकंदच टिकतो, हे सुधारणा म्हणून जाहीर झालं. दोन सेकंदांत आकडी कोड कोण उतरवून घेणार? मोबाइलचा कॅमेरा उघडायलाही जास्त वेळ लागतो.

पडदा थांबवता येतो. फक्त ती वाट तीन दारांमागे ठेवली आहे. विंडोज सलग दोनदा सुरू होता होता पडली की दुरुस्तीचा मेनू आपोआप उघडतो. तिथून ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ९ चा आकडा. यानं आपोआप रीस्टार्ट बंद होतं. आता पडदा थांबून कोड दाखवू लागला तर दोष ड्रायव्हर, फाइल, रॅम, डिस्क यांच्यात शोधायचा. आणि ९ दाबूनही कुठलाच पडदा न येता मशीन धाडकन पुन्हा सुरू झालं, तर विंडोजला कोसळायलाही वेळ मिळालेला नाही, विजेकडे बघायचं. ताईच्या कॉम्प्युटरवर मी हेच केलं आणि कुठलाच पडदा आला नाही. जो पैसे घेऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो त्याला ही एक कळ माहीत नसणं अक्षम्य आहे.

फॉरमॅटच्या बाजूनं नेहमी एक युक्तिवाद येतो : शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. आपल्या घड्याळात ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाइल जगभर पाठवली. प्रोग्रॅम वीस गोष्टी घेऊन बसला होता, फाइलनं एकविसावी मागितली, त्यानं आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि विंडोज सुरू होतानाच कोसळायला लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण अडकलेली मशीन स्वतःहून सुटणार नव्हती. मग काय केलं? सेफ मोडमध्ये जाऊन ती एकच फाइल पुसा, हा उपाय सांगितला गेला, आणि माणसं मशीनमागून मशीन तो करत गेली. ८५ लाख डिस्का कोऱ्या करायची भाषा कोणी केली नाही, कारण त्या डिस्का विमान कंपन्यांच्या, बँकांच्या, रुग्णालयांच्या होत्या. दाजींचा हिशेब त्यांच्या हिशेबापेक्षा हलका, असं कोणी ठरवलं?

आणि फॉरमॅट आज दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त निर्दय आहे, हे या दुकानांना कळलेलंच नाही. जुन्या हार्ड डिस्कवर घाईचं फॉरमॅट केलं तर खालचा मजकूर बराच शिल्लक असायचा, सॉफ्टवेअरनं ओढून काढता यायचा. एसएसडीवर फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला कळवून टाकते की या जागा आता रिकाम्या आहेत, आणि डिस्क त्या मागच्या मागे पुसून ठेवते. ताईच्या कॉम्प्युटरची डिस्क पुण्याला नेऊन दाखवली तेव्हा तेच सांगितलं गेलं. काहीही निघालं नाही. हे टाळायला लागणारी वस्तू म्हणजे उबुंटू भरलेला एक पेन ड्राइव्ह. त्यावरून मशीन सुरू करायचं, विंडोजला हात न लावता फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे. तासाभराचं काम. विंडोज ११ असेल तर एक अडचण येऊ शकते : अनेक नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडून असते. ती किल्ली आजच शोधून वहीत लिहून ठेवा. कॉम्प्युटर पडल्यावर खात्याचा पासवर्ड आठवत बसू नका.

आता आपल्याबद्दल. बिघाड शोधायचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. ‘नुसतं बघायचे दीडशे?’ असं म्हणत आपण दुकानातून बाहेर पडतो, आणि जो न बघता आठशेचं काम सांगतो त्याच्याकडे जातो, कारण तो ‘संध्याकाळी घेऊन जा’ म्हणतो. मीटर धरणारे हात आपणच उपाशी ठेवले. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दुकानात मी बसलो होतो तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं दीडशे ऐकून परत गेली.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी, सुट्या भागांची माहिती द्यावी, हे चांगलंच आहे. पण काउंटरवर आपली वस्तू टेकवणाऱ्या माणसाला माझ्या मते त्याहून साध्या गोष्टी हव्यात. काय बिघडलं ते लेखी. डिस्क पुसण्याआधी त्यावर काय आहे हे विचारून मालकाची सही. काढलेला भाग परत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेतली त्रुटी ओळखतो, पण त्रुटी दाखवायला कागद लागतो, आणि दाजींच्या पावतीवर फक्त ‘सर्व्हिसिंग’ लिहिलेलं आहे. ती घेऊन मी त्या दुकानात गेलो, जुना एसएमपीएस काउंटरवर ठेवला. तो म्हणाला, ‘चालू झाला ना आता?’

झाला आहे. नव्या एसएमपीएसवर कार्डासकट चालतो. दाजी रोज संध्याकाळी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन सुताचा हिशेब पुन्हा भरतायत. पहिल्या वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत पोचलेत.